‘आजी, तू खरंच ज्यू आहेस का?’

या वेळचं पत्र ठाण्याहून आलं आहे. थोडं कापून देते, शब्द त्यांचेच आहेत.

“माझं वय ७१. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे पेणकडचे. मुलगी न्यू जर्सीत असते. जावई तिथलाच, ज्यूच, पण त्याचे आजी-आजोबा पोलंडकडून आलेले. नातू पाच वर्षांचा आहे. त्याला दर महिन्याला टपालाने चित्रांचं एक पुस्तक येतं, ज्यू मुलांसाठी काढलेलं. बाळाची सुंता, नाव ठेवणं, तेरा वर्षांच्या मुलाचा बार मिट्झवा हा विधी, लग्न, कुणी वारलं तर काय करतात, असं सगळं त्यात असतं. आम्ही दोघं फोनवर बघत बघत ती वाचतो. तिकडे आजीला बुब्बी म्हणतात. परवा एका चित्रातल्या म्हातारीवर बोट ठेवून तो म्हणाला, ‘ही बुब्बी. बुब्बी सूप करते. आजी, तू खरंच ज्यू आहेस का?’ मी हसून नेलं, पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

दुसरं म्हणजे, पुढच्या महिन्यात त्याला बहीण होणार आहे. मी सहज म्हटलं, माझं नाव ठेवा. आमच्याकडे माझ्या आईचं नाव ती हयात असतानाच भाचीला ठेवलं होतं. तर विहीणबाई एकदम गप्प झाल्या आणि मुलगी म्हणाली, ‘मम्मी, हे नको बोलूस.’ मग बाराव्या दिवशी पाळण्यात घालणार का, मलिदा करणार का, हे विचारायचं माझ्या तोंडातच राहिलं. मुलगी म्हणते, पोराला गोंधळात टाकू नकोस.

आमचे हे गेल्या वर्षी गेले. नातवाला ‘आजोबा झोपलेत’ असं सांगून ठेवलंय. बाळासाठी मी जुन्या साड्यांची गोधडी घेतलीय शिवायला. तीत यांचा एक सदरा घालायचाय, पण कात्री लावायला हात धजत नाही.

ती पुस्तकं बंद करायला सांगू का? का आपल्या पद्धतीची पुस्तकं कुठे मिळतील ते तुम्ही सांगता?

– एक आजी, ठाणे”

आजी, शालोम.

माझं लहानपण अलिबागेत गेलं, इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारून वर्षातून एक-दोनदा झाकलेलं ताट यायचं. त्यात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, खजूर आणि कापलेली फळं असायची. मलिदा हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. पुढे बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांमध्येच काम केलं. म्हणून तुमच्या नातवाचा प्रश्न वाचला तेव्हा मला दोन्हीकडून टोचलं.

आधी त्या प्रश्नाचंच बघू, कारण त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. हसून नेलंत. पाच वर्षांचं मूल शंका घेत नसतं, ते जुळवून बघत असतं. पुस्तकातल्या गायीला शिंगं आहेत आणि रस्त्यावरच्या गायीला नाहीत, तर ते विचारणारच, ही खरंच गाय आहे का. त्याला पुस्तकाने शिकवलं की ज्यू आजी म्हणजे पांढरे कुरळे केस, एप्रन आणि सुपाचं पातेलं. तुमच्याकडे साडी आहे आणि बिरड्याचं कालवण आहे. जुळलं नाही, म्हणून विचारलं. त्याला खरं उत्तर हवं आहे, आणि तुमच्याइतकं चांगलं उत्तर जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. ज्यू परंपरेत मूल ज्यू ठरतं ते आईवरून. म्हणजे त्याची आई, आणि तिची आई तुम्ही. पुढच्या फोनवर त्याला सरळ सांगा: “हो बाळा, मी ज्यू आहे. माझी आई ज्यू होती, तिची आई ज्यू होती. तुझी आई माझ्या पोटची, म्हणून तू ज्यू.” हे त्याला त्याच्या बोटांवर मोजू द्या. पणजी, आजी, आई, मी. चार बोटं भरतात. तेवढं पुरे.

आता पुस्तकं. नका बंद करू. ती तुम्हाला वगळायला काढलेली नाहीत. ज्यांनी काढली, त्यांनी आपापली आजी काढली, एवढंच झालं आहे. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले, यिडिश बोलणारे, थंडीतून आलेले. आजच्या अमेरिकन ज्यूंपैकी बहुतेकांची मुळं तिथे आहेत. त्यामुळे चित्रात बर्फ असतो, बुब्बी असते, कोंबडीचं सूप असतं. शिवाय या पुस्तकांचा धंदाही घरगुतीच सुरू झाला. कार-बेन हे नाव तुम्ही नातवाच्या एखाद्या पुस्तकावर पाहिलं असेल. दोन आयांना आपल्या पोरांसाठी पेसाखची हगादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हवी होती, मनासारखी मिळेना, तेव्हा त्यांनी ती स्वतःच बनवली. त्यातून १९७५ साली प्रकाशन उभं राहिलं, आणि नाव ठेवलं ते पोरांचं: केरेन आणि बेन. दर महिन्याला फुकट पुस्तक पाठवणारी पीजे लायब्ररी २००५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाली. पीजे म्हणजे पायजमा, झोपायच्या वेळी वाचायची पुस्तकं. त्यामागचा हेतू मला फार प्रेमाचा वाटतो. परक्या समाजात वाढणाऱ्या पोराला आईबापांनी निजताना आपलं काहीतरी वाचून दाखवावं, हा. तुम्ही फोनवर करता ते हेच आहे.

आणि त्या पुस्तकांत तुम्ही अजिबात नाही, असंही नाही. सुंतेचं पुस्तक पुन्हा काढायला सांगा. त्यात बहुधा कुठेतरी एक रिकामी खुर्ची असेल, सजवलेली. ती एलियाहू या प्रेषिताची खुर्ची. आठव्या दिवशी बाळाच्या सुंतेला एलियाहू येतो असं मानून जगभरचे ज्यू त्याच्यासाठी ती ठेवतात. आता सांगा, एलियाहू हनाबी कुणाचा? ज्याच्या नावाने तुम्ही मलिद्याचं ताट भरता, नवस बोलता, फेडता, ज्याच्या घोड्याच्या टापा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात, तोच. नातवाला विचारा, “ही खुर्ची रिकामी का?” त्याला येत नसेल तर सांगा, “इथे बसायला जो येतो ना, तो आधी आमच्या कोकणात येऊन गेला. त्याच्या घोड्याचे पाय उमटलेत दगडात. तू आलास की दाखवते.” मग बघा, पुढच्या वेळी तो बुब्बीला बाजूला ठेवून त्या खुर्चीवरच बोट ठेवतो की नाही.

असं प्रत्येक पुस्तकात एखादं दार सापडतं. लग्नाच्या पुस्तकात पेला फोडतात, तो तुमच्याही लग्नात फोडला असेल. त्यात मेंदी नसेल. पण तुमच्या हातांवर होती ना? मग चित्रातल्या नवरीच्या कोऱ्या हातांकडे बघून म्हणा, “हिची मेंदी राहिली बघ.” तो पेन घेऊन काढूनही मोकळा होईल. पुस्तक खराब झालं तरी चालेल. नवरी समोर येताना नवऱ्याने उभं राहून ‘योनाती झिवा’ हे इब्री गाणं म्हणायचं, ही तुमच्याकडची रीत तर मला सगळ्या लग्नांत देखणी वाटते. तो तुकडा त्याला गाऊन दाखवा. गोष्ट अर्ध्यात थांबली तरी थांबू द्या.

मुलीच्या “गोंधळात टाकू नकोस” या म्हणण्याकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. तिची बाजू बघा. ती तिथे कुठल्याही ज्यू मंडळीत गेली की पहिला प्रश्न येत असणार, “भारतात ज्यू आहेत?” तोच प्रश्न, शंभरदा. प्रत्येक वेळी कोकणात नवगावला फुटलेली नाव, तिच्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, सगळं पहिल्यापासून सांगा. थकत असेल ती. आपल्या पोराला तरी हे ओझं नको, त्याला इतरांसारखं सरळ असू दे, असं तिला वाटत असेल तर ते वाईट नाही. पण मुलांना दोन पद्धती जड जात नाहीत. त्याला बुब्बी आहे आणि आजी आहे, दोघींना हाक मारताना तो कधी चुकला का? मुलं गडबडतात ती मोठी माणसं एखादी गोष्ट बोलायची टाळतात तेव्हा. तुम्ही गप्प बसलात, विहीणबाई गप्प बसल्या, मुलगी “नको बोलूस” म्हणाली, त्या शांततेत त्याला जास्त कोडं पडलं असेल.

त्या शांततेचं कारण मला माहीत आहे, आणि ते ऐकून तुमचं मन हलकं होईल. पोलंडकडच्या, म्हणजे अश्केनाझी घरांत हयात माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. ठेवलं तर त्या मोठ्या माणसाचं आयुष्य कमी होतं, मृत्यूचा दूत नावावरून फसतो, अशी जुनी समजूत आहे. शिकलेली माणसंही ती पाळतात. भूमध्य समुद्राकडच्या सेफार्दी घरांत नेमकं उलटं आहे, तिथे जिवंत आजीचं नाव नातीला देणं हा आजीचा मान. तुमच्या आईच्या नावाची गोष्ट त्या बाजूची. तेव्हा तुम्ही “माझं नाव ठेवा” म्हणालात, तर विहीणबाईंच्या कानांना ते “मला मरू द्या” असं ऐकू आलं. त्या गप्प झाल्या त्या तुमच्या जिवाच्या काळजीने. मुलीला ते समजावून सांगायला शब्द सापडले नाहीत. तुम्हीच आता विहीणबाईंना निरोप पाठवा की मला तुमची रीत कळली, आणि माझ्या वयाची काळजी केलीत म्हणून बरं वाटलं. मग त्यांच्याच रीतीतून एक गोष्ट सुचवा: गेलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन बाळाचं नाव ठेवायची त्यांच्याकडे पद्धत आहे, पुरुषाच्या नावावरून मुलीचंही. यजमानांच्या नावाचं पहिलं अक्षर बाळाला मिळालं तर? एकदा सुचवा आणि सोडून द्या. नाव आईबाप ठेवतील.

पाळण्याचं मात्र सोडू नका. मुलाची सुंता आठव्या दिवशी हे शास्त्राने बांधलेलं आहे, बाळ आजारी नसेल तर त्यात कुणाला हलायला जागा नाही. मुलीच्या नावाला तसं बंधन नाही. कुणी सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, तोरा हा धर्मग्रंथ वाचताना नाव जाहीर करतात, कुणी घरी चार माणसं बोलावतात. तिकडे गेल्या चार-पाच दशकांत मुलींसाठी असे घरगुती समारंभ बरेच रूढ झाले आहेत, आणि प्रत्येक घर ते आपल्या मनाने रचतं. म्हणजे तुमच्या बाराव्या दिवसाला तिथे अगदी मोकळी जागा पडली आहे. मुलीला असं विचारू नका की “आपल्या पद्धतीने करणार का?” त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. असं विचारा, “तुझ्या पाळण्याला कुठलं गाणं म्हटलं होतं, आठवतं का तुला सांगितलेलं?” तिला आठवणार नाही, ती विचारेल, मग तुम्ही सांगाल. मलिद्याला लागणारे पोहे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानांत पोत्याने मिळतात. आणि जावयांना ‘एलियाहू हानावी’ पाठ असणार, कारण त्यांच्याकडे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, संपताना आणि पेसाखच्या रात्री तेच गातात. तुम्ही ब म्हणाल, ते व म्हणतील. चाल वेगळी असेल. एकत्र गाऊन बघा.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, आपल्या पद्धतीची पुस्तकं कुठे मिळतील. अमेरिकेतल्या ज्यू ग्रंथपालांची संघटना १९६८ पासून मुलांच्या ज्यू पुस्तकांना सिडनी टेलर पुरस्कार देते. त्या याद्या मुलीने ग्रंथालयात मागितल्या तर युरोपाबाहेरच्या घरांची पुस्तकंही हाती लागतील. मुंबईत वाढलेल्या, तुमच्याच समाजातल्या चित्रकार सिओना बेंजामिन यांनीही अलीकडे मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढली आहेत. निवडताना माझी एक कसोटी सांगते. जे पुस्तक रीतींची यादी देतं, पहिल्यांदा हे करतात, मग ते करतात, ते मुलाच्या लक्षात राहत नाही. जे एका घरात शिरतं, ते राहतं.

असं एका घरात शिरणारं पुस्तक तुम्हाला मी मुद्दाम सुचवणार आहे: पॅट्रिशिया पोलाको यांचं ‘द कीपिंग क्विल्ट’, १९८८ सालचं. रशियातून आलेली एक मुलगी, तिचा अपुरा पडलेला झगा आणि डोक्याचा रुमाल, त्यात काकाचा सदरा, मावशीचा झोपायचा झगा, कुणाचा एप्रन, असं सगळं कापून बायका बसून एक गोधडी शिवतात. ती गोधडी चार पिढ्या पुरते. शब्बाथला टेबलावर पसरते, लग्नात चार काठ्यांवर ताणून नवरानवरीवर मांडव होते, नव्या बाळाला गुंडाळते, म्हातारीच्या पायांवर पडते. सगळी चित्रं करडी. रंग फक्त गोधडीला. आणि मला त्यातलं सर्वांत आवडतं ते असं की प्रत्येक लग्नात काहीतरी बदललेलं असतं. आधी पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या, मग एकत्र बसतात, पुढे एकत्र नाचतात, पाहुण्यांत ज्यू नसलेलेही येतात. लेखिका त्यावर एक शब्द टीका करत नाही. गोधडी तीच, तिच्याखालची माणसं बदलत जातात.

तुमच्या पत्रात गोधडीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथे थांबले. आजी, तुमच्या पद्धतीचं पुस्तक मांडीवर घेऊन तुम्ही ते शिवताच आहात. फक्त त्याला पानं लावायची राहिली आहेत.

मी गंमत करत नाही, खरंच बनवा. तुमच्या समाजाला हे नवीन नाही. १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हगादा आहे, त्यात पेसाखची भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्या बायका लुगड्यांत आहेत. कुणी तेव्हा विचारलं नाही की लुगड्यातली बाई ज्यू कशी. हगादा म्हणजेच सांगणं. “त्या दिवशी तू आपल्या मुलाला सांग” या शास्त्रवचनावरून आलेलं. तुमच्याकडे कीर्तनकारांनी मोशे आणि योसेफ यांची आख्यानं मराठीत रंगवली. आपलं आपण चित्रात काढायची आणि आपल्या बोलीत सांगायची सवय तुमच्या घरांत दीडशे वर्षांची आहे.

कसं बनवायचं ते सांगते. जाड कागदाची साधी वही घ्या, दहा-बारा पानांची, जास्त नको. नवगावच्या नावेपासून सुरुवात करू नका, मोठ्यांना तो मोह होतोच. पाच वर्षांच्या मुलाला दोन हजार वर्षं आणि आजोबांचं लहानपण सारखंच लांब असतं. नाव शेवटच्या पानावर येऊ दे. सुरुवात गोधडीपासून करा. एका पानावर गोधडीतला एक तुकडा चिकटवा, खराखुरा कापडाचा, बोट फिरवता येईल असा, आणि समोरच्या पानावर त्या कापडाचा दिवस. हिरवं कापड: “ही साडी नेसून आजी मेंदीला बसली. मेंदी रंगेपर्यंत तिला पाणीही दुसऱ्याने पाजलं.” निळं कापड: “ही साडी आजीने तुझ्या आईच्या पाळण्याला नेसली. आई रडली. सगळ्यांनी हरभरे खाल्ले.” एवढंच. एक पान, दोन वाक्यं. समजावून सांगायचा मोह आवरा. मलिदा म्हणजे काय हे लिहू नका, मलिद्याच्या ताटाचा फोटो लावा आणि लिहा, “आजोबा आधी खजूर उचलायचे.”

फोटो निवडताना स्टुडिओतले नको, ज्यात सगळे श्वास रोखून उभे आहेत. ज्यात कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघत नाही तो घ्या. आजोबांच्या बार मिट्झवाचा फोटो नसेल तर त्यांची टोपी ठेवा कागदावर आणि भोवती पेन्सिल फिरवा. मुलाला ते फोटोपेक्षा जास्त आवडेल, कारण तो आपलं डोकं तिथे टेकवून बघू शकतो.

तुमचे घरचे शब्द जसेच्या तसे येऊ द्या. सिनेगॉगला जुनी माणसं मशीद म्हणत असतील तर तसं लिहा. सणांना तुम्ही नव्याचा सण, खिरीचा सण म्हणत असाल तर त्यांची इंग्रजी नावं शोधत बसू नका. प्रत्येक पानाच्या खाली एक ओळ मात्र कोरी सोडा. ती मुलीसाठी. वहीचे फोटो काढून आधी तिला पाठवा, नातवाला नाही. तिला म्हणा, “खाली इंग्रजीत तू लिही. चुकलं असेल तिथे खोड.” ती काही खोडेल. काही ठिकाणी लिहील की असं नव्हतं, मला वेगळं आठवतं. ते राहू द्या. पोराला गोंधळात टाकण्याची तिची भीती अशाने जाईल, कारण पुस्तक मग तिचंही असेल. आणि प्रत्येक पान वाचतानाचा तुमचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. घाईत नको, मागे कुकरची शिट्टी झाली तरी ती राहू द्या.

आता आजोबांचं पान. ते मी शेवटी ठेवलं, कारण तुमच्यासाठी ते सर्वांत अवघड आहे.

“झोपलेत” हा शब्द काढून टाका, आजच. सांगणाऱ्याने मायेनेच सांगितलं असणार. पण मूल रात्री स्वतः झोपायला जातं, आई झोपताना बघतं. झोपलेला माणूस वर्षभर उठत नाही, हे त्याला भिववणारं आहे, आणि ते बोलून दाखवायला त्याच्याकडे शब्द नसतात. मुलीशी बोलून दोघींनी एकच वाक्य ठरवा, साधं: “आजोबा वारले. म्हणजे त्यांचं शरीर थांबलं. त्यांना आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपण त्यांची आठवण काढू शकतो.” तो तेच दहा वेळा विचारेल. दहा वेळा तेच सांगा. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, आणि सांगा की आजोबांची आठवण आली म्हणून रडतेय. तुमचं रडणं त्याच्यापासून लपवलंत, तर आठवण काढणं हीच लपवायची गोष्ट आहे असं तो शिकेल.

याही बाबतीत ती टपालाने येणारी पुस्तकं तुमच्या कामाची आहेत. सात दिवस घरात बसणं, आरसे झाकणं, लोकांनी जेवण घेऊन येणं, हे त्यांत नीट दाखवलेलं असतं. ज्यू रीती दुःखाला काहीतरी हाताने करायला देतात, आणि मुलाला हातानेच कळतं. कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात ना, तर नातवाला तिकडच्या अंगणातला एक खडा निवडायला सांगा. तो पाकिटातून येऊ दे, किंवा पुढच्या वेळी मुलगी आणेल. तुम्ही तो आजोबांच्या कबरीवर ठेवा आणि फोटो पाठवा. तो वहीत लागेल. वर्षाचा दिवस इब्री पंचांगाने येतो, म्हणून इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. ती शोधून देण्याचं काम जावयांना द्या. त्या संध्याकाळी त्यांनी तिथे मेणबत्ती लावायची, तुम्ही ठाण्यात दिवा. वेळ जुळणार नाही, तुमचा आधी लागेल. नातवाला ते आवडेल, की आजीने आधी लावला, आता आपली पाळी. कद्दिश म्हणतील तेव्हा त्याला जवळ उभं करा. मेलेल्यांसाठी म्हणायच्या त्या प्रार्थनेत मरणाचा एकही शब्द नाही, सगळी देवाची स्तुतीच आहे. त्याला अर्थ कळणार नाही, पण सगळे मिळून ‘आमेन’ म्हणतात तेव्हा तोही म्हणेल.

गोधडी बाळ जन्मल्यावरच पाठवा, आधी नको. जावयांच्या बाजूला बऱ्याच घरांत बाळाच्या वस्तू जन्माआधी घरात आणत नाहीत. तुमचं पार्सल आधी पोचलं तर पुन्हा तीच गप्प बसण्याची वेळ येईल. म्हणजे तुमच्या हातात अजून महिना आहे, सावकाश शिवा.

आणि सदरा. तुमच्या हाताला धजत नाही, तर आज नका कापू. साड्यांचे तुकडे जोडून घ्या, मधली जागा सोडा. सदरा शेजारी ठेवून शिवत बसा. ज्या दिवशी कात्री चालेल त्या दिवशी पाठीकडून सुरुवात करा, पाठ सपाट असते, तिला आठवणी कमी चिकटलेल्या असतात. बाह्या नंतर. छातीवरचा खिसा मात्र उसवू नका. तो कापडासकट अख्खा काढा आणि गोधडीच्या कडेला, जिथे बाळाच्या भावाचा हात पोचेल तिथे, तोंड उघडं ठेवून शिवा. तो खडा यायचाय तिकडून. परत जाताना इकडचा एक जाऊ दे, त्या खिशातून.